शुक्रवारी या

ज्या वर्षी मास्तरांच्या नातसुनेला जुळं झालं, त्याच वर्षी मास्तर वृद्धाश्रमात राहायला गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं घरातले सगळे सांगत. मास्तर काहीच सांगत नसत. पण खिडकीतल्या उजेडात जिथे त्यांचं शिलाई मशीन बावीस वर्षं उभं होतं तिथे दोन पाळणे आले आणि मशीन जिन्याखाली गेलं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यातच बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण उठताबसता कुणीतरी हात द्यावा लागे, आणि घरात ज्याला ज्याला हात होते त्याच्या हातात बाळ होतं.

"एक महिना राहून बघा, बाबा," मुलगा म्हणाला. "नाही रमलात तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

"मग मी बॅग उघडतच नाही," मास्तर म्हणाले.

आणि खरंच त्यांनी ती उघडली नाही. पहिल्या दिवशी तपासणीसाठी मोठ्या सिस्टरांनी उघडली तेवढीच. सिस्टरांनी कपडे चाळले, दोऱ्यांचा डबा हलवून पाहिला आणि तळातून फडक्यात गुंडाळलेली हातभर लांब कात्री बाहेर काढली.

"आजोबा, ही खोलीत ठेवता येणार नाही. टोकदार वस्तूंना बंदी आहे."

"मी शिंपी आहे," मास्तर म्हणाले.

"असाल हो. पण इथे सगळे आजोबाच असतात."

कात्री औषधांच्या कपाटात कुलपाआड गेली. मास्तरांनी बॅग बंद केली, पलंगाखाली सरकवली आणि बाहेर राहिलेले दोन जोड आलटून पालटून घालत महिन्याचे दिवस मोजायला सुरुवात केली. गळ्यातली मोजपट्टी मात्र त्यांनी काढून दिली नाही. ती टोकदार नव्हती, त्यामुळे सिस्टरांचाही नाइलाज झाला.

मास्तरांनी बावन्न वर्षं दुकान चालवलं होतं. हात असा, की त्यांनी शिवलेला कोट घालून कुबडा माणूसही ताठ दिसावा. खोड एकच. समारंभाचा सूट असो की शाळेचा गणवेश, त्यांच्याकडे एकच तारीख असायची. "शुक्रवारी या." कुठला शुक्रवार, असं विचारायची हिंमत फक्त नवं गिऱ्हाईक करी. एक नवरदेव तर बिनबाह्यांचा कोट घालून लग्नाला उभा राहिला होता. बाह्या फोटोच्या वेळेला पोचल्या. तरी पुढे त्याच्या मुलाच्या लग्नाचा कोटही मास्तरांनीच शिवला, कारण फोटो चांगला आला होता.

वृद्धाश्रमात मास्तरांचं कशातच मन लागेना. सकाळी खुर्चीत बसून करायचा व्यायाम, दहाला चहा, दुपारी टीव्ही, पाचला बागेत चार फेऱ्या. त्यांच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर एक निवृत्त पोस्टमन होते. ते रोज सकाळी जिना उतरून फाटकापर्यंत जात आणि परत येत. कशाला, ते कुणाला माहीत नव्हतं.

"सवय आहे," पोस्टमन म्हणत. "पाय विचारतात, आज नाही का जायचं?"

"माझी बोटं विचारतात," मास्तर म्हणाले.

बोटांना उत्तर मिळालं ते तिसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी. मास्तरांच्या मानेला दोन दिवस खाज येत होती. त्यांनी शर्ट काढून चष्म्यासमोर धरला. कॉलरच्या आत कापडाची एक चिंधी शिवलेली होती, तिच्यावर शाईने लिहिलेलं होतं: सत्तावीस. धुलाईत कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून इथे प्रत्येकाला एक नंबर होता आणि प्रत्येकाच्या प्रत्येक कपड्यावर तो शिवलेला होता. तिथवर मास्तरांची हरकत नव्हती. हरकत होती ती टाक्यांना. पांढऱ्या कॉलरवर काळा दोरा, एक टाका बोटभर, दुसरा मुंगीएवढा, आणि शेवटी गाठ अशी, की तिच्यावर म्हैस बांधावी.

"हे कुणी शिवलं?" मास्तरांनी शर्ट पोस्टमनपुढे धरला.

"कुणी का शिवेना," पोस्टमन म्हणाले. "माझं तर पाच वर्षं असंच आहे."

"पाच वर्षं हे अंगावर घेऊन फिरताय? माणूस आहात की पोतं?"

कात्री नव्हती. पण नेलकटरला बंदी नव्हती. त्याचं छोटं आकडेवालं पातं उघडून मास्तरांनी आपली चिंधी अशी अलगद उसवली, की कॉलरला कळलंही नसेल. मग पोस्टमनच्या शर्टाची काढली. पोस्टमननी शर्ट घातला, मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली आणि म्हणाले, "अरेच्चा."

हे 'अरेच्चा' जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं. रविवारी सकाळी मास्तरांच्या दारात सात जण उभे होते, प्रत्येकाच्या काखेत कपड्यांचा गठ्ठा. सगळ्यात पुढे मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्यांनी अडतीस वर्षं शाळा चालवली होती आणि आता वृद्धाश्रमही आपणच चालवतो असा त्यांचा समज होता.

"मास्तर, माझे गाऊन आधी घ्या. आणि गबाळं काम मला चालत नाही."

"बाई, सगळ्यांच्या चिंध्या उसवतो, कडेला नीट दुमडतो आणि आतल्या शिवणीत अशा लपवून बसवतो की टोचायचं नाव नाही."

"कधी देणार?"

मास्तरांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. बावन्न वर्षांची सवय जिभेवर आपोआप आली.

"शुक्रवारी या."

रविवार, सोमवार, मंगळवार. जेवणाचा हॉल दुकान झाला. मास्तरांनी शिकवलं आणि बाकीचे शिकले; एकूण चौदा नेलकटर चालू होते. ज्यांचे हात थरथरत ते कपडे ताणून धरत. ज्यांना दिसत नव्हतं ते चिंध्या गोळा करून बिस्किटांच्या डब्यात टाकत. दुपारचा टीव्ही कुणी लावलाच नाही. सिस्टरांनी दारातून डोकावून पाहिलं, म्हाताऱ्यांना हस्तकलेची आवड लागली असं समजून समाधानाने मान हलवली आणि रजिस्टरमध्ये तशी नोंदही केली.

मंगळवारी संध्याकाळी अडतीस माणसांच्या अंगावरच्या आणि कपाटातल्या सगळ्या कपड्यांवरच्या चिंध्या डब्यात होत्या. आता फक्त त्या परत शिवायच्या होत्या. सुयांची सोय दोऱ्यांच्या डब्यात होती, डबा बॅगेत होता, आणि बॅग मास्तरांना उघडायची नव्हती. पण शुक्रवारला अजून खूप वेळ होता.

बुधवारी सकाळी धुलाईची गाडी आली आणि सगळे कपडे घेऊन गेली.

दर बुधवारी ती यायची. हे सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापिकाबाईंना होतं, पोस्टमनना होतं, मास्तरांनाही तीन आठवड्यांत कळलेलं होतं. पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी याचा विचार केला असेल.

गुरुवारी दहा वाजता कपडे परत आले. धुतलेले, इस्त्री केलेले आणि बेवारशी. धुलाईवाल्या बाईने हॉलच्या मोठ्या टेबलावर त्यांचा डोंगर रचला. "नंबरच सापडत नाहीत," एवढं म्हणून ती जी निघाली, ती मागे न बघता.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी एका तपकिरी स्वेटरला हात घातला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने आणखी दोघांनी.

"माझा आहे हा!"

"तुमचा कसा? माझ्या सुनेने विणलाय."

"तुमच्या सुनेला बटण लावता येत नाही, असं तुम्हीच सांगितलंत परवा!"

"शांतता!" मागून आवाज आला. जज्जसाहेब. हे खरोखरच न्यायाधीश होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. त्यांचा डावा हात कायम पोटाशी, पँटच्या कमरेवर धरलेला असे. सगळ्यांना ती त्यांची ऐट वाटे. काल सगळे कपडे धुवायला गेल्यामुळे इतरांसारखे तेही वृद्धाश्रमाच्या पायघोळ झग्यात होते, तरी हात तिथेच होता. साहेब खुर्चीवर बसले. तिघांच्या साक्षी झाल्या. साहेबांनी स्वेटर हातात घेऊन उलटापालटा केला, वास घेतला, आणि निकाल दिला की हा स्वेटर साहेबांचाच आहे.

यावर जो गोंधळ झाला त्यात पोस्टमन उठून उभे राहिले. "थांबा. मी तीस वर्षं अर्धवट पत्त्यांची पाकिटं बरोबर घरी पोचवलीत. हे काय अवघड आहे?" त्यांनी दोन हातांवर कपडे घेतले आणि खोल्याखोल्यांतून वाटून आले. अर्ध्या तासात मुख्याध्यापिकाबाईंकडे तीन पायजमे पोचले होते आणि बेकरीवाल्यांच्या पलंगावर एक फुलाफुलांचा गाऊन.

"मला आवडलाय," बेकरीवाले म्हणाले. ते जन्मभर भट्टीपुढे उभे राहिलेले, पिंपासारख्या अंगाचे गृहस्थ होते. "हवेशीर आहे."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी डोंगर पाहिला, बिस्किटांचा डबा पाहिला, गाऊनमधले बेकरीवाले पाहिले.

"हे कुणाचं काम?"

सदतीस माणसांनी छताकडे पाहिलं. मास्तर एकटेच समोर बघत होते.

"माझं," ते म्हणाले. "उद्यापर्यंत परत शिवून..."

"आजोबा, रविवारी सगळ्यांच्या घरची माणसं भेटायला यायची आहेत! त्यांच्यापुढे यांना झग्यात बसवू? बास झालं. मी तुमच्या मुलाला फोन करते. घेऊन जा म्हणते."

आणि त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन केला. मुलगा म्हणाला, शनिवारी येतो.

झालं! मास्तरांना तीन आठवडे हेच तर हवं होतं. बॅग तयार होती, उघडायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. आता दोन दिवस आणि मग घर, खिडकी, उजेड. मास्तर खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि आनंद व्हायची वाट बघू लागले. तो काही येईना. भिंतीपलीकडून हॉलमधला कलकलाट ऐकू येत होता. कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणत होतं, "अहो, माझ्या मुलीने दिलेला निळा शर्ट तरी शोधा."

बावन्न वर्षांत मास्तरांनी कपडे उशिरा दिले होते. पण कुणाचा कपडा हरवला नव्हता. एकाचाही नाही.

त्यांनी गळ्यातली मोजपट्टी सारखी केली, काठी घेतली आणि हॉलमध्ये आले.

"ओळीने उभे राहा," ते म्हणाले. "ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसून राहा, मी येतो. कपडा खोटं बोलत नाही. माप घेतो, ज्याच्या मापाचा त्याला देतो. पोस्टमन, वही घ्या."

गुरुवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत मापं घेणं चाललं. छाती, कंबर, उंची, बाही. मास्तर आकडा सांगत, पोस्टमन लिहीत. ज्यांना गेल्या कित्येक वर्षांत नर्सच्या रबरी हातमोज्यांशिवाय कुणी हात लावला नव्हता, ती माणसं छाती पुढे काढून, श्वास रोखून उभी राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी तर माप देण्याआधी केस विंचरून घेतले.

मग कपड्यांची मापं घेतली. आणि इथे मास्तरांच्या हिशेबाचा पार बोजवारा उडाला. कारण जुळेचना. वहीत बेचाळीस कमरेचा माणूस एकच, बेकरीवाले. आणि डोंगरात बेचाळीस कमरेच्या पँटी अकरा. चौतीस कमरेची माणसं पंधरा, आणि पँटी चार.

"तुमचं मोजायला चुकलंय," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पट्टी पुन्हा लावली. वही पुन्हा पाहिली. मग चष्मा काढला.

"चुकलं नाही, बाई," ते हळूच म्हणाले. "कपडे होते तेवढेच आहेत. आपण लहान झालोय."

तेवढ्यात जज्जसाहेब खाकरले.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझी पँट खाली येते ती माझी चूक नाही?"

"साहेब, तुम्ही डावा हात तिथे कधीपासून धरताय?"

"चार वर्षं," साहेब म्हणाले. "कुणाला सांगणार?"

मास्तरांनी डोंगरातून चौतीसची एक पँट काढली. जुनी, खाकी, गुडघ्यावर चकाकणारी. पोस्टमन ओरडले, "अहो, ती माझी नोकरीतली!" पण साहेब आत जाऊन ती घालून आलेसुद्धा. सरळ उभे राहिले. मग सावकाश, भीतभीत, त्यांनी डावा हात कमरेवरून काढला. पँट जागच्या जागी. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि चार वर्षांत पहिल्यांदा टाळी वाजवली.

त्यानंतर आपलं तेच मागायला कुणी तयार होईना. संध्याकाळपर्यंत अर्धा वृद्धाश्रम दुसऱ्याच्या कपड्यांत होता आणि आरशापुढे रांग लागली होती. साहेबांची कोर्टातली काळी पँट बेकरीवाल्यांना चपखल बसली. तिच्याखातर त्यांनी गाऊनसुद्धा परत केला. निळा शर्ट तेवढा ज्याचा त्याला मिळाला, पण तो दोन माणसं मावतील एवढा होता. आणि असे, दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत आणि स्वतःला होत नाहीत, असे कपडे मास्तरांनी वेगळे ठेवले. ते चौऱ्याहत्तर निघाले.

"हे सगळे आत घ्यावे लागतील," मास्तर पुटपुटले. "आणि त्याला कात्री लागेल."

सगळ्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "एक विचारू? वरच्या फळीवरची औषधं तुम्ही स्टुलावर चढून काढता. हात का नाही वर करत?"

सिस्टर जरा वरमल्या. "युनिफॉर्म काखेत धरतो."

"धरणारच. बाही उलट्या बाजूची बसवलीय. डावी उजवीकडे. ज्याने शिवला त्यानेच त्या चिंध्या शिवल्या असणार." मास्तरांनी मान हलवली. "दहा मिनिटांचं काम आहे. पण काय करणार, नियम."

सिस्टर पाच मिनिटं गेल्या कुठेतरी. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली कात्री होती.

"हॉलमध्येच वापरायची. काम झालं की माझ्याकडे," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "मास्तर."

मास्तर खोलीत गेले. पलंगाखालची बॅग ओढली, उघडली आणि दोऱ्यांचा डबा, सुया, खडू, अंगठीसारखं घालायचं टोपण असं सगळं बाहेर काढलं. कपडे अडचण करत होते म्हणून ते कपाटात ठेवून दिले.

शुक्रवार उजाडला आणि मावळला. सिस्टरांचा युनिफॉर्म सोडून काहीही पूर्ण झालं नाही.

शनिवारी मुलगा गाडी घेऊन आला. वाटेत त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. बायकोशी बोलून पाळणे दिवाणखान्यात हलवले होते, मशीन खिडकीशी परत आणलं होतं, तेलसुद्धा घातलं होतं. सिस्टरांची माफी मागायचे शब्द पाठ केले होते. पण फाटकात त्याला दोन्ही हात मोकळे सोडून फिरणारे एक खाकीतले गृहस्थ भेटले. "तुम्ही मास्तरांचे चिरंजीव? रांगेत या," ते म्हणाले.

हॉलमध्ये बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते. तोंडात दोन टाचण्या, कानावर खडू, भोवती कपड्यांच्या राशी. एक बाई गाऊनच्या लांबीवरून त्यांच्याशी भांडत होत्या आणि बाबा मजेत ऐकून घेत होते. मुलाने त्यांना असं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवलं. तो आठ वर्षांचा होता, शाळा सुटल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून त्यांची वाट बघायचा.

"बाबा, चला. मशीन खिडकीत ठेवलंय."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. मुलाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर बदलला. "खिडकीत? आणि पाळणे?"

"हलवले."

"बाळांना उजेड लागतो. परत तिथेच ठेव." मग ते चाचरत म्हणाले, "मशीन... ते इथे आणून टाकलंस तरी चालेल."

"आणि तुम्ही? तुम्ही घरी कधी येणार?"

मास्तरांनी राशीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"शुक्रवारी ये," ते म्हणाले.

मुलगा बघत राहिला. तो दुकानाच्या पायरीवर वाढलेला होता. या दोन शब्दांचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? त्याला हसू फुटलं, डोळ्यांतही पाणी आलं, आणि दोन्ही लपवायला तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. वाकताना त्याच्या पँटची शिवण मागे टर्रकन उसवली.

"काढ," मास्तर न बघताच म्हणाले. "आणि तो झगा घाल. तुझीही शुक्रवारी मिळेल."

मुलगा वृद्धाश्रमाचा झगा घालून घरी गेला. पुढच्या शुक्रवारी तो मशीन घेऊन आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी जुळ्यांना घेऊन आला. नंतर दर शुक्रवारी कुणी ना कुणी यायचंच. पँट तयार नसायची, पण चहा मिळायचा.

जुळं पहिलीत गेलं त्या वर्षी, एका गुरुवारी सकाळी, हॉलमध्ये मशीनजवळ बसलेले असताना मास्तर वारले. मुलाची पँट मशीनवरच होती, शिवून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली.